डिसेंबरात आंब्याचा वास: व्हेप म्हणजे काय आणि शेजारच्याला त्याचा त्रास का होतो?

लातूरहून पुण्याला निघालेली रात्रीची एसी स्लीपर बस. डिसेंबरचे दिवस, काचा घट्ट बंद. मुरूड मागं पडलं आणि गाडीत पिकलेल्या आंब्याचा वास दरवळला. माझ्या समोरच्या बर्थवर एक आजी होत्या, लेकीकडं निघालेल्या. त्या उठून बसल्या. "आंबा कुणी चिरलाय का ओ? या दिवसांत कुठला आणला?" कुणी काही बोललं नाही. थोड्या वेळानं पुन्हा तोच वास आला, आता जरा जास्तच गोड, डोक्यात जाणारा. आजींना खोकल्याची ढास लागली. वरच्या बर्थवर विशी-बाविशीचा एक मुलगा मोबाइल बघत पडला होता. त्याच्या मुठीत पेनड्राइव्हपेक्षा थोडी मोठी, निळ्या रंगाची वस्तू होती आणि तिच्या टोकाचा दिवा मधूनमधून लागत होता.

आजींची नजर तिकडं गेली. "काय ओढायलास रे बाळा?"

"काही नाही आजी, वाफ आहे नुसती."

तो मुलगा खोटं बोलला असं मला आजही वाटत नाही. त्याची तशी खरीच समजूत होती. मी लातुरात रसायनशास्त्र शिकवते. डॉक्टर व्हायचं स्वप्न घेऊन आसपासच्या जिल्ह्यांतून आलेली सोळा-सतरा वर्षांची लेकरं माझ्या वर्गात बसतात, आणि 'वाफ आहे नुसती' हे वाक्य मी त्यांच्याही तोंडून ऐकलं आहे. पालक विचारतात, होस्टेल चालवणारे काका विचारतात, की मॅडम, हे नेमकं आहे तरी काय? म्हणून पहिल्यापासून सांगते.

यंत्राच्या पोटात काय असतं?

व्हेप किंवा ई-सिगारेट या वस्तूत चार गोष्टी असतात: बॅटरी, तारेचं छोटं वेटोळं, त्याला लागून कापसाची वात, आणि वात जिच्यात भिजते ती द्रवाची टाकी. देवघरातली समई आठवा. वात तेल शोषून वर आणते, तशीच ही वात द्रव वेटोळ्यापर्यंत नेते. फरक असा की इथं ज्योत नाही. पाणी तापवायच्या रॉडसारखी तार बॅटरीवर तापते आणि ओढणाऱ्यानं झुरका घेतला की दोनशे अंश सेल्सिअसच्या आसपास, कधी त्याहून जास्त उष्णतेनं तो द्रव उडतो.

द्रवात काय? मुख्यतः प्रोपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन ही दोन रसायनं. त्यात आंबा, पुदिना, बबलगम असले स्वाद, आणि बहुतेक वेळा निकोटीन. तंबाखूची सवय लावणारा तोच हा पदार्थ. चीनमधल्या होन लिक नावाच्या औषधतज्ज्ञानं २००३ साली आजच्या ई-सिगारेटचं पहिलं रूप तयार केलं. तो स्वतः सिगारेट ओढायचा आणि त्याचे वडील फुप्फुसाच्या कर्करोगानं गेले होते. म्हणजे वस्तू जन्मली ती सिगारेट सोडू पाहणाऱ्यांसाठी. आंब्याचा आणि बबलगमचा स्वाद घेऊन ती सिगारेट कधीच न ओढलेल्या लेकरांपर्यंत कशी पोहोचली, हा पुढचा इतिहास आहे आणि तो फारसा चांगला नाही.

वाफ की फवारा?

सगळ्या गैरसमजाचं मूळ 'वाफ' या शब्दात आहे, म्हणून इथं थोडं थांबते.

पातेल्यात मीठ घातलेलं पाणी उकळा, वर ताटली धरा. ताटलीवर जमलेलं पाणी चाखून बघा, ते खारट लागत नाही. पाणी वाफ होऊन वर गेलं, मीठ खाली राहिलं. वाफ अशी निवडून घेते. आता पाठीवरचा फवारणी पंप आठवा. टाकीत जे कालवलं असेल ते सगळंच्या सगळं नोझलमधून बारीक थेंबांच्या रूपात बाहेर पडतं. औषध टाकीत राहिलं आणि नुसतं पाणी बाहेर आलं, असं कधी होत नाही.

व्हेपमधून निघणारा ढग हा या दुसऱ्या प्रकारात बसतो. द्रव तापून उडतो, लगेच थंड होतो आणि त्याचे अतिसूक्ष्म थेंब हवेत तरंगू लागतात. अशा तरंगणाऱ्या थेंबांना शास्त्रात एरोसोल म्हणतात. आपल्याकडं तुषार सिंचन घराघराला माहीत आहे, तेव्हा मी यापुढं 'तुषार' हाच शब्द वापरते. या तुषारात ग्लिसरीन असतं, स्वादाची रसायनं असतात, निकोटीन असतं आणि तापलेल्या तारेतून सुटलेले धातूंचे अत्यल्प अंशही सापडतात.

वात कोरडी पडत आली की आणखी एक गोष्ट घडते. कढईत तेल जास्त तापलं की डोळ्याला झोंबणारा धूर निघतो ना? त्या झोंबण्यामागं ॲक्रोलिन नावाचं रसायन असतं आणि ते ग्लिसरीन फुटूनच तयार होतं. व्हेपची तार गरजेपेक्षा जास्त तापली, द्रव संपत आला, की तेच तिथंही तयार होतं. ओढणाऱ्याला त्या वेळी करपट चव लागते.

यावर माझे विद्यार्थी म्हणतात, "मॅडम, ग्लिसरीन तर खोकल्याच्या औषधात असतं. स्वाद तर आइस्क्रीममध्येही असतात." खरं आहे. पण ते पोटात जातात. दूध पोटात गेलं तर अंगी लागतं आणि श्वासनलिकेत गेलं तर ठसका लागून जीव घाबरा होतो, दूध तेच असतं. खाण्यासाठी सुरक्षित ठरलेला पदार्थ गरम तुषाराच्या रूपात वर्षानुवर्षं फुप्फुसात गेला तर काय होतं, याची तपासणी वेगळी करावी लागते.

शेजारी बसलेल्याला किती लागतं?

इथं घाबरवायचं नाही आणि झाकायचंही नाही, असं मी ठरवलं आहे.

सिगारेट दोन झुरक्यांच्या मध्येही जळत असते. आजूबाजूच्यांच्या नाकात जाणारा बराचसा धूर त्या पेटत्या टोकाचाच असतो. व्हेपचं तसं नाही. झुरका नसेल तेव्हा त्यातून काही निघत नाही. बाहेर पडतं ते ओढणाऱ्यानं सोडलेल्या श्वासातून, आणि त्यातलं बरंचसं निकोटीन त्याच्याच शरीरात राहिलेलं असतं. शिवाय हे थेंब सिगारेटच्या धुरापेक्षा लवकर विरतात. म्हणजे शेजारच्याच्या वाट्याला सिगारेटपेक्षा बरंच कमी येतं, पण काहीच येत नाही असं नाही. व्हेप ओढल्या गेलेल्या खोलीच्या हवेत निकोटीन आणि अतिसूक्ष्म कण मोजले गेले आहेत. थोडं निकोटीन गादीवर, पडद्यावर, भिंतीवर बसतं. धडधाकट माणसाला मोकळ्या अंगणात याचा पत्ताही लागणार नाही. पण बंद एसी बसमध्ये, जिथं तीच हवा आत फिरत राहते, तिथं दम्याच्या माणसाला, तान्ह्या बाळाला, गरोदर बाईला हा हिशोब वेगळा लागू होतो.

पुन्हा शेतात जाऊ. कपाशीच्या शेजारच्या रानात कुणी टू-फोर-डी हे तणनाशक मारलं आणि वारं फिरलं, की कपाशीची पानं आखडतात. फवारा थोडाच आला होता, पण कपाशी त्या औषधाला फार नाजूक. ज्यानं मारलं त्याच्या उसाला काहीच होत नाही. अशावरून बांधाला बांध असलेल्या घरांत वर्षानुवर्षं बोलणं बंद झालेलं असतं. शहाणा शेतकरी म्हणून आधी वारं बघतो आणि शेजाऱ्याला हाक मारून सांगतो. आपल्या पिकाला काय चालतं यावरून शेजारच्याच्या पिकाला काय चालेल हे ठरत नसतं, हे त्याला कुणी पुस्तकातून शिकवलेलं नसतं.

"पण सिगारेटपेक्षा तर बरं ना?"

हा प्रश्न मी टाळणार नाही, कारण त्यात तथ्य आहे. सिगारेटच्या धुरात सात हजारांहून जास्त रसायनं असतात आणि त्यांतली सत्तरच्या आसपास कर्करोगाला कारण ठरू शकतात. व्हेपमध्ये तंबाखूचं पान जळत नाही, त्यामुळं डांबर आणि कार्बन मोनॉक्साइडचा तो मारा होत नाही. इंग्लंडच्या सरकारी आरोग्य संस्थेनं २०१५ साली व्हेप सिगारेटपेक्षा ९५ टक्के कमी हानिकारक असल्याचा अंदाज मांडला. त्या आकड्यावर बरेच वाद झाले, पण तिथले डॉक्टर सिगारेट सोडू न शकणाऱ्या प्रौढांना आजही व्हेपकडं वळवतात. निकोटीनच्या व्हेपनं सिगारेट सुटायला मदत होते, असे चाचण्यांचे पुरावेही आहेत.

मात्र तुलना कशाशी करायची? २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. त्या दुष्काळात ज्याच्या घरी काहीच नव्हतं, त्याला मचूळ पाण्याची बोअरही आधार वाटली. म्हणून ज्याच्या अंगणात गोड पाण्याची विहीर आहे त्यानं मचूळ बोअर पाडायला जाऊ नये. वीस वर्षं रोज पाकीट संपवणाऱ्या माणसाची गोष्ट वेगळी. माझ्या वर्गातल्या, सिगारेटला कधी हातही न लावलेल्या मुलीची तुलना सिगारेटशी करताच येत नाही. तिची तुलना स्वच्छ हवेशी करायची.

ज्या इंग्लंडचं नाव पुढं केलं जातं, तिथंसुद्धा रेल्वेगाडीत आणि लंडनच्या बसमध्ये व्हेप ओढायला मनाई आहे. एकदा वापरून फेकायच्या व्हेपच्या विक्रीवर तर तिथं १ जून २०२५ पासून बंदीच आहे.

आणि निकोटीनचं प्रमाण बघा. एका सिगारेटमधून शरीरात साधारण एक ते दीड मिलिग्रॅम निकोटीन जातं. युरोपियन संघात व्हेपच्या द्रवात एका मिलिलिटरला २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त निकोटीन चालत नाही. आपल्याकडं चोरट्या मार्गानं येणाऱ्या डब्यांवर '५ टक्के' असं छापलेलं असतं, म्हणजे मिलिलिटरला सुमारे ५० मिलिग्रॅम. सगळं शरीरात जात नाही हे खरं, पण सिगारेट विझली की हात थांबतो, तसा इथं थांबत नाही. आणि जे छापलं आहे तेच आत आहे याची खात्री कोण देणार? अमेरिकेत २०१९ मध्ये व्हेपमुळं फुप्फुसं निकामी होण्याची साथच आली. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ रुग्ण रुग्णालयात दाखल झाले आणि ६८ जण दगावले. त्यातली बहुतेक प्रकरणं गांजाचा अर्क असलेल्या व्हेपची होती. बाजाराबाहेरून आलेल्या डब्यांत घट्टपणासाठी मिसळलेलं ई-जीवनसत्त्वाचं तेल त्याला मुख्यतः जबाबदार ठरलं. साध्या निकोटीनच्या व्हेपला ते तसंच्या तसं लागू होत नाही. पण ज्या वस्तूचा कुणी वाली नाही, तिच्यात कुणी काहीही मिसळू शकतं, एवढं त्यातून नक्की कळतं.

तंबाखूची आपली रीत

आता मला जे खरं सांगायचं आहे त्याकडं येते.

मराठवाड्यात तंबाखू नवीन नाही. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू वापरताना आढळले. पण ओढणारे फक्त ३.८ टक्के, आणि खाणारे, लावणारे २४.४ टक्के. म्हणजे आपला तंबाखू हवेत नाही, तोंडात आहे. चंची, चुन्याची डबी, तळहातावर अंगठ्यानं मळणं, दोन टाळ्या मारून भुकटी उडवणं, आज्जीची मिश्री.

या वाईट सवयीभोवतीसुद्धा आपल्या लोकांनी रीत घातली होती. पारावर बसलेल्या अनोळखी माणसाला "चुना हाय का?" विचारलं की तो डबी पुढं करतो आणि बोलणं सुरू होतं. मळलेला तंबाखू आधी दुसऱ्यापुढं धरायचा, मग आपण चिमूट घ्यायची. वडीलधारे दिसले की बिडी पाठीमागं. माझे चुलते पन्नाशीचे झाले तरी आजोबांची चाहूल लागली की बिडी गोठ्याच्या भिंतीला विझवायचे. आजोबांना ठाऊक होतं, चुलत्यांनाही ठाऊक होतं की त्यांना ठाऊक आहे. तरी कुणी कुणासमोर ती मर्यादा ओलांडली नाही.

मी या सवयीचं कौतुक करत नाही. तोंडाच्या कर्करोगानं माझ्या नात्यातली माणसं गेली आहेत. सांगायचं एवढंच की वस्तू जुनी झाली की समाज तिच्याभोवती कुंपण घालतो: कुठं, कुणासमोर, कधी नाही.

व्हेपला हे कुंपण मिळालेलंच नाही. ते सहजी मिळेल अशी ती वस्तूही नाही. काडी ओढल्याचा आवाज येत नाही, म्हणून शेजारच्याला उठून जायची सूचना मिळत नाही. राख नाही, थोटूक नाही, म्हणून आपण काही केलं असं ओढणाऱ्यालाही वाटत नाही. सिगारेट पाच-सात मिनिटांत संपते. व्हेपला शेवटच नाही, दोन मेसेजच्या मध्ये एक झुरका, असं दिवसभर चालतं. त्यात वास आंब्याचा. त्या मुलानं आजींसमोर सिगारेट पेटवली असती का? कधीच नाही. त्याच्यावर संस्कार नव्हते म्हणून तो व्हेप ओढत नव्हता. आपण जे करतोय ते 'त्या यादीत' येतं, हेच त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

बघणाऱ्याच्या मनात काय येतं?

ओढणाऱ्याला वाटतं, मी किती जपून वागतोय, धूर नाही, घाण वास नाही. बघणाऱ्याला वेगळंच दिसतं. त्याला आधी दिसतो तो ढग. माणसाचा उच्छ्वास तसाही दुसऱ्याच्या नाकापर्यंत जात असतो, कोरोनाच्या काळात आपण ते चांगलंच शिकलो. पण व्हेपमुळं तो डोळ्यांना दिसतो. कुणाच्या तरी छातीतून आलेली हवा आपल्या चेहऱ्याकडं येताना बघणं माणसाला सहन होत नाही. मग ते प्रमाणानं किती अपायकारक, हा विचार नंतरचा.

दुसरं, वस्तू अनोळखी आहे. बिडी काय असते ते सगळ्यांना कळतं. हे काय आहे? गांजा आहे का? त्याहून भयंकर काही आहे का? तिसरं, त्यात पैशाचा आणि शहराचा वास येतो. बाप रानात राबतोय आणि पोरगं क्लासच्या नावाखाली हे करतंय, हा निष्कर्ष लोक क्षणात काढतात, आणि कधीकधी तो खराही असतो.

मुलगी ओढत असेल तर मग बघायलाच नको. मुलाला 'बिघडला' म्हणतात आणि मुलीचं चारित्र्यच मोजायला घेतात. त्याच पाहणीत महाराष्ट्रातल्या १७ टक्के स्त्रिया तंबाखू वापरताना आढळल्या होत्या. आज्जीच्या मिश्रीतलं निकोटीन आणि नातीच्या व्हेपमधलं निकोटीन रसायन म्हणून एकच आहे. एकीला सवय म्हणायचं आणि दुसरीला नीतिभ्रष्ट ठरवायचं, याचा मला मनापासून राग येतो. या निंदेनं काय होतं ते मी पाहिलं आहे. मुलगी व्हेप सोडत नाही, फक्त होस्टेलच्या संडासात जाऊन ओढते आणि मदत मागायची वेळ आली की गप्प बसते.

"पिचकाऱ्या मारणाऱ्यांना कोण बोलतं?"

तरुण मुलं हे विचारतात आणि त्यांचं बरोबर आहे. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, तरी एसटी स्टँडचा कोणताही कोपरा बघा. दवाखान्याच्या जिन्यातही लाल भिंती. आपण पिढ्यान्‌पिढ्या हे पोटात घातलं आणि आज एका ढगावर मात्र डोळे वटारतो, हा दुटप्पीपणा आहे, मान्य. पण तेवढ्यावरून ढग योग्य ठरत नाही. ज्या मुलाला जिन्यातल्या पिचकारीची किळस येते, त्याला 'माझी मोकळीक तुझ्या अंगावर यायला नको' हे आधीच कळलेलं असतं. तेच स्वतःला लावून बघायचं.

कायदा थोडक्यात

भारतात ई-सिगारेटवर १८ सप्टेंबर २०१९ ला वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षी डिसेंबरात कायदा झाला. उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वितरण, साठवण आणि जाहिरात या सगळ्यांना बंदी आहे. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. साठवणुकीला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. कायद्याच्या नावात 'वापर' हा शब्द नाही, यावर काहीजण बोट ठेवतात. पण जी वस्तू कुणी कायदेशीरपणे विकू, आणू किंवा साठवू शकत नाही, ती खिशात आली कुठून, या प्रश्नाला उत्तर नाही. दुबईहून येणाऱ्या मामानं बॅगेतून आणली, तरी ती आयातच.

म्हणून पुढं जे लिहिते आहे ती परवानगी समजू नये. लोक ओढतात हे वास्तव आहे आणि त्यांच्याशेजारी माणसं बसतात, एवढ्यासाठीच ते लिहिते आहे.

ओढणाऱ्यानं काय पाळावं?

छप्पर आणि भिंती असतील तिथं अजिबात नाही. बस, रेल्वेचा डबा, लिफ्ट, वर्ग, मंगल कार्यालय, दवाखाना, शेअर रिक्षा, लेकरू बसलेली कार. होस्टेलच्या खोलीत चौघं राहत असतील तर ती हवा चौघांची असते. आपल्याकडं विमानात तर व्हेप नेताच येत नाही.

"चालेल का?" असं विचारणं पुरेसं आहे, असं परदेशी रीतीत मानतात. आपल्याकडं ते पुरत नाही, कारण आपण भिडेची माणसं. पाहुण्यानं, साहेबानं किंवा मित्राच्या मोठ्या भावानं विचारलं, तर "चालतंय की" याशिवाय दुसरं उत्तर तोंडातून निघत नाही, आणि आतून जीव गुदमरत असतो. म्हणून विचारूच नये, उठून बाहेर जावं. बाहेरही वारं बघावं. सप्ताहाच्या मांडवाच्या कडेला, शाळेच्या फाटकाशी, स्टँडवरच्या बाकड्यावर माणसं असतात. ती तिथं नाइलाजानं बसलेली असतात, त्यांना उठून जाता येत नाही.

घरात रांगतं लेकरू असेल तर एक गोष्ट फार महत्त्वाची. तो द्रव गोड वासाचा, रंगीत बाटलीतला असतो आणि लहान मुलाच्या पोटात थोडासा गेला तरी निकोटीनची विषबाधा होऊ शकते. उशीखाली, फ्रिजवर, पर्समध्ये असा तो ठेवू नये. आणि संपलेली व्हेप कचऱ्यात टाकू नये. आपल्या गावांत कचरा पेटवून देतात आणि तिच्यातली लिथियम बॅटरी आगीत फुटते.

समोरच्यानं कसं बोलावं?

आधी मोबाइल काढून चित्रीकरण करू नये. मुलगी असेल तर त्या एका चित्रफितीनं तिचं कॉलेज सुटू शकतं.

बोलताना त्याच्या वळणावर न जाता आपल्या त्रासावर बोलावं. "हे काय चाललंय, लाज नाही वाटत?" म्हटलं की समोरचा ताठरतो. "बाळा, मला दमा आहे, सोसत नाही, गाडी थांबली की खाली घे" म्हटलं की शंभरातले बहुतेक जण ओशाळून खिशात घालतात. नाहीच ऐकलं तर कंडक्टर आहे, रेल्वेत १३९ क्रमांक आहे. रेल्वेच्या डब्यात धूम्रपानाला १९८९ च्या कायद्यानंच मनाई आहे.

पालकांना एक सांगते. 'टेन्शन येतं म्हणून ओढतो' असं मूल म्हणालं तर ते बहाणा करत नसतं, त्याला तसंच वाटत असतं. निकोटीन दहा-वीस सेकंदांत मेंदूत पोहोचतं आणि दोन तासांत त्याचा जोर निम्म्यावर येतो. मग चिडचिड, अस्वस्थपणा, अभ्यासात मन न लागणं सुरू होतं. पुढचा झुरका ते शमवतो, आणि मुलाला वाटतं, यानंच माझं टेन्शन गेलं. सावकार अशीच वसुली करतो. व्याजापायी घर रिकामं करतो आणि अडीनडीला तोच शंभर रुपये हातावर ठेवतो. घरच्याला वाटतं, वेळेला धावून येतो बिचारा. पंचविशीपर्यंत मेंदूची घडण चालू असते, त्यामुळं या वयात हे कर्ज लवकर चढतं आणि उशिरा फिटतं. मारून, कोंडून ते फिटत नाही. केंद्र सरकारची तंबाखू सोडवण्याची मोफत दूरध्वनी सेवा आहे, १८००-११-२३५६. तिथं समुपदेशक बोलतात, दिवस ठरवायला मदत करतात, पुन्हा फोन करून विचारपूसही करतात.

त्या रात्री टेंभुर्णीला गाडी चहाला थांबली. मुलगा खाली उतरला, माझ्याजवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, "मॅडम, आत खरंच वास येत होता का?" मी हो म्हटलं. आजींचा खोकला त्यामुळंच होता का, असंही त्यानं विचारलं. नक्की सांगता येणार नाही, पण तुषारानं दमेकऱ्याचा घसा चाळवू शकतो, असं मी सांगितलं. तो परभणीकडचा निघाला, पुण्यात नोकरीला, व्हेप दुसऱ्या वर्षाला असताना रूममेटमुळं लागलेली. मी तिकिटाच्या मागं तो क्रमांक लिहून दिला. त्यानं तो घडी करून पाकिटात ठेवला.

तेवढ्यात आजी काठी टेकत चहाच्या बाकड्याकडं आल्या. त्याचा हात खिशाकडं गेला होता, तो थांबला. मग तो टपरीला वळसा घालून पार मागच्या बाजूला, थंडीत, अंधारात गेला. माझे चुलते गोठ्यामागं जायचे, अगदी तसा.